दूध संस्थेचा फरक: मायएसक्यूएलमधून एक्सेलपर्यंत (प्रकल्प नोंदी)

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

काम ठरलं. गावच्या दूध संस्थेला दिवाळीआधी उत्पादकांना फरक (वर्षभर घातलेल्या दुधावर वरून मिळणारी रक्कम) वाटायचा आहे, त्याचं शीट करून द्यायचं. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या वर्षात कुणी किती लिटर दूध घातलं, त्यात म्हशीचं किती, गाईचं किती, रक्कम किती झाली, कपात किती गेली. आणि मुख्य म्हणजे फरकाचा दर एका सेलमध्ये हवा. तो बदलला की खालचा सगळा हिशेब बदलला पाहिजे. "म्हशीला अर्धा टक्का वाढवला तर किती बसतंय?" असं मीटिंगमध्ये कुणी विचारलं की जागेवर उत्तर.

सचिव अण्णांचं म्हणणं, "पोरी, आकडे समदे मशीनमध्ये हायतच की. नुसतं भाईर काढायचं."

हे "नुसतं" इथे लिहून ठेवते.

परिस्थिती अशी: वजनकाटा आणि फॅट मशीन कॉम्प्युटरला जोडलेले आहेत. कॅन काट्यावर ठेवला की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आपोआप मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलात जातात. सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट निघतात, पण छापण्यापुरते. पीडीएफ मिळते, एक्सेल मिळत नाही. सॉफ्टवेअर देणाऱ्यांचा फोन लागत नाही. नशिबाने चेअरमनांनी दोन वर्षांपूर्वी लेखी अर्ज देऊन डेटाबेसचा पासवर्ड घेऊन ठेवला होता. तो मिटिंगबुकाच्या शेवटच्या पानावर होता.

२ सप्टेंबर, मंगळवार

आधी बॅकअप. मायएसक्यूएलडम्पने सगळा डेटाबेस काढला, एक प्रत पेनड्राइव्हवर संस्थेच्या कपाटात, दुसरी माझ्या लॅपटॉपवर. यापुढचे सगळे प्रयोग लॅपटॉपवरच्या प्रतीवर. संस्थेच्या मशीनवर फक्त वाचण्याची परवानगी असलेला वेगळा युजर तयार केला. त्याला सिलेक्टशिवाय काहीही करता येत नाही. माझा स्वतःवर एवढाच विश्वास आहे.

टेबलं ६४. त्यातली कामाची चार: सभासद, संकलन, कपात, बिल. संकलनात सात वर्षांच्या मिळून १८ लाखांवर ओळी. आपल्या वर्षाच्या २,५४,९१८.

ताळ्यासाठी कागद मागून घेतला. दर दहा दिवसांचं बिल संस्था छापते, त्यावर एकूण लिटर असतं, खाली सचिवांची सही असते. महिन्याला तीन, म्हणजे वर्षाला ३६ बिलं. त्या ३६ बेरजा एका शीटमध्ये हाताने टाइप केल्या. अर्धा तास गेला. या कामातला सगळ्यात सत्कारणी लागलेला अर्धा तास हाच, हे तेव्हा कळलं नव्हतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

सोपी वाट पाहिली: टेबल सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) काढा, एक्सेलमध्ये उघडा. गेल्या वर्षी अण्णांच्या पुतण्याने हेच केलं होतं म्हणे. त्याने अख्खं संकलन टेबल काढलं होतं. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यापलीकडचं कापलं जातं. फाइल पूर्ण उघडली नाही असा संदेश येतो. त्याने ओके दाबलं असणार. आपण सगळेच दाबतो.

मी फक्त वर्षाचा तुकडा काढला, तरी एका फाइलीत हे सगळं निघालं:

कोड ००७ चा ७ झाला. बँक खात्याचे नंबर ई आणि अधिक चिन्ह असलेल्या शास्त्रीय रूपात गेले. कॉलम रुंद करून, फॉरमॅट बदलून पाहिले तर १६ आकडी नंबरांचा शेवटचा आकडा शून्य. एक्सेल संख्येचे पंधराच आकडे धरून ठेवतं, सोळावा गेला तो गेला. फाइल तशीच सेव्ह झाली असती तर तो परत कुठून आणायचा?

तारखांचं आणखी वाईट, कारण ते दिसत नाही. सॉफ्टवेअर तारीख दिवस-महिना-वर्ष लिहितं आणि या मशीनच्या विंडोजची मांडणी अमेरिकन. ३ एप्रिल ही तारीख ४ मार्च झाली. १३ एप्रिलला तेरावा महिना सापडेना म्हणून ती नुसता मजकूर म्हणून राहिली, डावीकडे चिकटलेली. म्हणजे दर महिन्याचे पहिले बारा दिवस चुकीच्या महिन्यात (१ जानेवारी, २ फेब्रुवारीसारखे एकेक दिवस सोडले तर) आणि बाकीचे कुठल्याच महिन्यात नाहीत.

नावांची तर खिचडी. जुन्या सभासदांची नावं युनिकोडच्या आधीच्या फाँटात भरलेली आहेत, ती रोमन अक्षरांचा कचरा दिसतात, फाँट लावला की वाचता येतात. अलीकडच्या सभासदांची युनिकोडमध्ये आहेत. त्या फाइलीत सुरुवातीची युनिकोडची खूण नसल्यामुळे ती वेगळ्याच प्रकारचा कचरा दिसतात, डोक्यावर टिंबं-रेघा असलेली अक्षरं. एकाच कॉलममध्ये दोन प्रकारची घाण. पहिली फाँटने सुटते, दुसरी नाही.

सीएसव्ही टाकाऊ नाही. मजकूर म्हणून आयात केलं, कॉलमागणिक प्रकार सांगितला, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी काढली, तर चालतं. पण हे दर वेळी करावं लागेल, आणि दर वेळी करणारी मी नसेन.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. काम नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

थेट जोडणी करायची ठरवली. एक्सेल २०१६ मध्ये पॉवर क्वेरी, म्हणजे बाहेरचा डेटा शीटमध्ये ओढून आणणारी सोय, आतच येते. मधला दुवा ओडीबीसी, डेटाबेसशी बोलण्याची ठरलेली पद्धत.

ड्रायव्हर टाकला, डीएसएन (जोडणीच्या तपशिलांची नोंद) बनवला, टेस्ट दाबलं, यशस्वी. एक्सेलमधून जोडायला गेले तर ड्रायव्हर आणि ॲप्लिकेशनची जात जुळत नाही असा निरोप. संस्थेचं विंडोज ६४ बिटी, त्यावरचं एक्सेल ३२ बिटी. ड्रायव्हर एक्सेलच्या जातीचा लागतो, विंडोजच्या नाही. ३२ बिटी ड्रायव्हर आणून टाकला, तो यादीत दिसेना, कारण डीएसएन बनवण्याची खिडकीही दोन प्रकारची असते. गंमत अशी की नावात ३२ असलेल्या सिस्टम-३२ फोल्डरमध्ये ६४ बिटी खिडकी असते, आणि नावात ६४ असलेल्या सिसवाव-६४ मध्ये ३२ बिटी. हे कुणी मला समोरासमोर सांगितलं असतं तर चेष्टा समजले असते. पावणेदोन तास गेले.

संध्याकाळी साडेसहाला जोडणी झाली. आनंदाच्या भरात तिथेच वर्षभराची क्वेरी (डेटाबेसला केलेली मागणी) सोडली आणि बाहेर संकलनाच्या खिडकीवर आरडाओरडा सुरू झाला. स्क्रीन गोठली होती. टेबल मायआयसॅम प्रकारचं आहे, त्यात मोठं वाचन चालू असताना अख्ख्या टेबलाला कुलूप बसतं. मध्ये पुसलेल्या ओळींची भोकं असली तर नवी ओळसुद्धा वाचन संपेपर्यंत ताटकळते. तारखेवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नाही, त्यामुळे वाचन संपता संपेना. रांगेत तीस-चाळीस माणसं, हातात किटल्या. अण्णा बाहेरून ओरडले, "पोरी, काय दाबलंस?" प्रक्रिया मारली, काटा चालू झाला.

नियम: क्वेरी दुपारी १२ ते ३ मध्येच. शीटच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहिला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आजची नोंद लांब होणार.

संकलन आणि कपात ही दोन टेबलं सभासद कोड आणि बिल क्रमांक यांवर जोडली, ग्रुप बाय (गट पाडण्याची आज्ञा) लावून लिटर आणि कपात यांची बेरीज मागितली. क्वेरी चालली, एरर नाही. तपासायला म्हणून कोड ४१ घेतला, कारण ते घर माझ्या ओळखीचं. लिटर बिलाशी तंतोतंत जुळलं. चहा घेतला.

मग सहज वर्षाची बेरीज पाहिली. २३ लाख लिटर. छापील ३६ बिलांची बेरीज १० लाखांच्या आसपास आहे. गावात एका वर्षात दुधाचा महापूर.

कोड ११२ उघडला. ऑगस्टमधलं ११ ते २० तारखेचं बिल: सकाळ-संध्याकाळ मिळून २० नोंदी, ११८.४ लिटर. शीटमध्ये ३५५.२. बरोबर तिप्पट. त्या बिलात त्याच्या कपाती तीन: पशुखाद्याचं पोतं, उचलीचा हप्ता, जनावराच्या विम्याचा हप्ता. जॉइनने, म्हणजे टेबलांच्या या जोडणीने, काय केलं, तर दुधाच्या वीस नोंदींपैकी प्रत्येकीला तिन्ही कपाती चिकटवल्या. ६० ओळी झाल्या. दूध तीनदा मोजलं गेलं आणि पोत्याचे १,६५० रुपये वीसदा कापले गेले, ३३,००० रुपये. त्या माणसाने हे शीट पाहिलं असतं तर आधी खूश झाला असता आणि मग काठी घेऊन आला असता.

आणि कोड ४१ का जुळला? त्याची प्रत्येक बिलात एकच कपात आहे, शेअर्सची. एकाने गुणलं तर तेच उत्तर. मी नेमका असा नमुना उचलला होता ज्यात चूक दिसणंच शक्य नव्हतं. ओळखीचं घर तपासायला घेणं ही मुळात चूक. तपासायला सगळ्यात गुंतागुंतीचं खातं घ्यावं.

शीटमध्ये ओळी उतरल्यावर ही चूक पकडणं कठीण असतं. तिथे बेरीज झालेला आकडा येतो, तो कशाची बेरीज आहे ते दिसत नाही. डेटाबेसला वेडं म्हणता येत नाही, त्याने मागितलं तेच दिलं. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल पद्धत मांडली तेव्हापासून जॉइनचा हाच अर्थ आहे: जुळणाऱ्या सगळ्या जोड्या. आपल्या डोक्यात मात्र खतावणीचं चित्र असतं, डावीकडे दूध, उजवीकडे कपात, दोन रकाने शेजारी-शेजारी. तशी चीज टेबलांत नाहीच.

१५ सप्टेंबर, सोमवार

दुरुस्ती: आधी दुधाची बेरीज स्वतंत्र उपक्वेरीत, कोड आणि बिल यांप्रमाणे. कपातीची तशीच वेगळी. म्हणजे दोन्हीकडे एका सभासदाची एका बिलाची एकच ओळ. मग जोडणी.

तरी ताळा कमी. या वेळी दूध गायब. एकोणीस सभासद शीटमध्येच नव्हते आणि बाकीच्यांची काही बिलं नव्हती. ज्या बिलात कपातच नाही ते साध्या जॉइनमध्ये गळतं. लेफ्ट जॉइन केला (यात कपात नसली तरी दुधाची ओळ राहते), कपात रिकामी तिथे शून्य. म्हणजे शुक्रवारच्या क्वेरीत दोन्ही चुका एकदम होत्या, काहींचं दूध फुगलेलं, काहींचं गेलेलं. चुका अशा एकमेकींना झाकत असतील तर एकूण बेरीज योगायोगाने जवळपासही येऊ शकते. आपली आली नाही म्हणून वाचलो.

३६ पैकी ३५ बिलं आता दशांशापर्यंत जुळतात. शेवटचं, २१ ते ३१ मार्चचं, जुळत नाही. छापील ३१,४०६.५, शीटमध्ये २८,७८९.२. २,६१७.३ लिटर कमी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

२,६१७.३ चा माग काढला. गावाचं एका दिवसाचं दूध साधारण तेवढंच, पण ३१ मार्चचं छापील २,८४६.१ आहे. म्हणजे एक दिवस गेला असं म्हणावं तर २२८.८ लिटर राहिलंच कसं?

तारखेची अट मी बिटवीनने दिली होती, १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. कॉलम मात्र नुसत्या तारखेचा नाही, तारीख-वेळेचा आहे. नुसतं ३१ मार्च म्हटलं की डेटाबेस ते ३१ मार्चची मध्यरात्र, शून्य वाजून शून्य मिनिटं असं धरतो. सकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी काट्यावर आलेलं दूध त्यानंतरचं, म्हणून बाहेर.

मग २२८.८ कुठून आले? त्या ३४ नोंदी पाहिल्या. सगळ्यांची वेळ ००:००. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली होती, इन्व्हर्टरही बसला, तेव्हा शेवटच्या काही जणांचं दूध वहीत लिहून घेतलं आणि नंतर हाताने भरलं. हाताने भरताना सॉफ्टवेअर वेळ टाकत नाही, नुसती तारीख टाकतं. म्हणून बरोबर मध्यरात्री दूध घालणारे ते ३४ जण तेवढे हिशेबात आले.

अट बदलली: १ एप्रिल २०२४ किंवा नंतर, आणि १ एप्रिल २०२५ च्या आधी. ३६ पैकी ३६.

इतर तारखा का जुळल्या होत्या तर गट बिल क्रमांकाने पाडले होते, तारखेने नाही. वर्षाची एकच बेरीज हातात असती तर दहा लाखांत अडीच हजार, पाव टक्का, "राउंडिंग असेल" म्हणून सोडून दिलं असतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

नावं. जुन्या फाँटातली २९६ नावं कन्व्हर्टरमधून युनिकोडला नेली. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांनी छळलं. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये उलट. "शिर्के" आणि "कीर्ती" यांची काय काय रूपं झाली ते इथे लिहीत नाही. जोडाक्षर आणि रफार एकत्र आले तिथे हाताने सुधारलं. सुधारलेली यादी मूळ टेबलात घातली नाही, ते सॉफ्टवेअर जुनाच फाँट वाचतं. "अहवाल" नावाचा वेगळा डेटाबेस केला, त्यात ही यादी आणि माझे व्ह्यू (नाव देऊन साठवलेल्या क्वेरी). मायएसक्यूएलमध्ये एका डेटाबेसच्या व्ह्यूला दुसऱ्यातली टेबलं वाचता येतात, त्यामुळे त्यांच्या घरात माझा एक खिळाही नाही.

कोड ८७ चं प्रकरण मीटिंगवर सोडलं. वडील ऑक्टोबरमध्ये वारले, खातं मुलाच्या नावावर झालं, कोड तोच. सभासद टेबलात एकच नाव मावतं, आत्ताचं. धाकट्या भावाचं म्हणणं की ऑक्टोबरपर्यंतचा फरक वडिलांचा, तो दोघांत वाटला पाहिजे. मी त्या कोडची बिलं दोन भागांत दाखवली. पुढचं शीटचं काम नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रकमेत २१४ रुपयांचा फरक येत होता. मी लिटर गुणिले दर शीटमध्ये करत होते. सॉफ्टवेअर दर नोंदीला रक्कम पैशापर्यंत पूर्ण करून साठवतं, बेरीज त्यानंतर. अडीच लाख नोंदींत अर्ध्या-अर्ध्या पैशांचं एवढं होतं. साठवलेला रक्कम कॉलमच घेतला. लोकांच्या हातात जे बिल पडलं ते त्यावरचं आहे, माझं गणित जास्त बरोबर असून उपयोग नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याच्या आधी शीट अण्णांकडे दिलं होतं. रचना अशी: पॉवर क्वेरी व्ह्यूमधून सभासद-बिल पातळीवरच्या १३,८०० च्या आसपास ओळी आणते. अडीच लाख कच्च्या नोंदी आणायच्या नाहीत, वर्षाची एक बेरीजही आणायची नाही, ताळा करता येईल इतपतच बारीक. त्यावर पिव्होट (एक्सेलचा गटवार बेरजांचा तक्ता), वर दोन पिवळे सेल, म्हशीचा दर आणि गाईचा दर. शेजारी ताळ्याचं पान, ३६ हिरवे चौकोन.

आज अण्णा काळजीत. सभासदांच्या यादीशेजारी त्यांनी स्वतःचा कॉलम टाकला होता, "पासबुक पाहिलं", "खातं बदललं", "नाव चूक". मग रिफ्रेश दाबलं. तीन नवे कोड वर घुसले आणि सगळे शेरे तीन-तीन ओळी सरकून भलत्यांच्या नावापुढे बसले. क्वेरीची ओळ क्वेरी हलवते, शेजारी हाताने लिहिलेलं जागच्या जागी राहतं. दोष माझा, ते लिहिणार हे मला कळायला हवं होतं. वही दिली की माणूस समासात लिहितोच.

शेऱ्यांचं वेगळं पान केलं, कोड आणि शेरा. यादीत ते व्हीलुकअपने (कोडवरून शोधून आणणाऱ्या सूत्राने) येतात. पहिल्यांदा एकही आला नाही, कारण क्वेरीतला कोड मजकूर, "०८७", आणि अण्णांनी टाइप केलेला संख्या, ८७. शेऱ्यांच्या पानावरचा कोड कॉलम आधीच मजकूर करून ठेवला.

८ ऑक्टोबर, बुधवार

चेअरमनांना शीट व्हॉट्सॲपवर हवं होतं. अण्णांनी डेटाचं पान लपवून पाठवायची तयारी केली होती. थांबवलं. लपवलेलं पान कुणीही उजवं बटण दाबून उघडतं, आणि पान काढून टाकलं तरी पिव्होटच्या पोटात डेटाची प्रत राहू शकते. त्यात ४१२ जणांचे खाते नंबर, कुणाची उचल किती. चेअरमनांना पीडीएफ पाठवली. व्ह्यूमधून खाते नंबर काढूनच टाकले, ते आता फक्त बँकेच्या फाइलीसाठीच्या दुसऱ्या क्वेरीत येतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मीटिंग. दर आठ वेळा बदलले. शीट टिकलं. कोड ८७ चे दोघे भाऊ बाहेरच्या बाकावर बसून होते, संचालकांनी दोन भागांची बेरीज वाचून दाखवल्यावर अर्ध्या तासात मिटलं.

बँकेची फाइल त्यांच्या ठरलेल्या नमुन्यात द्यायची होती, खाते कॉलम मजकूर, आयएफएससी अकरा अक्षरी, त्यातलं पाचवं शून्य. ते शून्य नऊ जणांच्या नोंदीत इंग्रजी ओ होता. डोळ्यांना दिसत नाही. क्वेरीत पाचवं अक्षर तपासणारी अट टाकली तेव्हा सापडले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. सकाळी रकमा जमा झाल्या. संस्थेच्या दारात कुणीतरी गाय-वासरू आणून बांधलं होतं, त्यामुळे आत जायला मागच्या बाजूने.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दोन रकमा परत आल्या. कोड १३६ चं खातं बंद झालेलं. कोड २९० च्या बँकेचं विलीनीकरण झाल्यावर आयएफएससी बदलला, पासबुक जुनंच. दोन्ही शेरे शेऱ्यांच्या पानावर टाकले. दोघांना अण्णांनी चेक लिहिले.